मगदूम सिस्टरच्या बेचाळीस बाटल्या

पहिल्याच दिवशी मगदूम सिस्टरनी माझ्या नवऱ्याला भिंतीवरून उतरवलं.

सलाईन लावायचं स्टँड कुठं मिळेल, असं मी विचारत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली. खोलीभर नजर फिरवली, पडद्याचा रॉड हलवून बघितला, तो डुगडुगला. मग ह्यांच्या फोटोसमोर जाऊन थांबल्या आणि फोटोमागचा खिळा दोन बोटांनी ओढून पाहिला. खिळा पक्का होता. ह्यांनीच ठोकला होता, कॅलेंडरसाठी.

"काकू, साहेबांस्नी तासभर खाली घेऊ काय?"

"घ्या की. जन्मभर वरच बसले होते."

त्या हसल्या नाहीत. ओढणीनं काच पुसून त्यांनी फोटो कॉटवर माझ्या शेजारी ठेवला, तोंड माझ्याकडं करून, आणि खिळ्याला शंभर मिलीची बाटली अडकवली. पुढचे सहा आठवडे रोज संध्याकाळी हा कार्यक्रम झाला. बारा वर्षांपूर्वी गेलेला नवरा रोज तासभर माझ्या उशाशी येऊन पडायचा. जिवंतपणी इतका वेळ त्याला कधी मिळाला नव्हता.

माझ्या टाचेच्या हाडात पू झाला होता. साखरेच्या आजारात पायाला काय टोचतं ते कळत नाही. फुटलेल्या बरणीची काच टाचेत घेऊन मी चार दिवस घरभर हिंडले आणि पाचव्या दिवशी फरशीवर डाग दिसला, तेव्हा आधी फरशीलाच नावं ठेवली. बारा दिवस दवाखान्यात काढले. मग डॉक्टर म्हणाले, आता फक्त औषध द्यायचंय, पण ते गोळीनं भागणार नाही, शिरेतूनच जायला हवं, रोज एकदा, सहा आठवडे. त्यासाठी इथं पडून राहायची गरज नाही, सिस्टर घरी येतील. त्यांनी माझ्या डाव्या दंडातून एक बारीक नळी आत सरकवली, पार काळजाच्या दारापर्यंत, आणि तिचं तोंड बाहेर ठेवून वर पारदर्शक पट्टी चिकटवली. बेचाळीस बाटल्या. एकही चुकवायची नाही. चुकली, तर टाच ठेवायची का काढायची एवढंच बोलायचं उरेल, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

माझा मुलगा कॅनडात असतो. फोनवर म्हणाला, "म्हणजे आता रोज कुणीतरी येणार. एकटी नाहीस ना मग?"

मी म्हटलं, "तेवीस तास आहे."

त्याला ते ऐकू गेलं नाही. तिकडं बर्फ पडत होता म्हणे.

मगदूम सिस्टर अठ्ठावन्नच्या. बुटक्या, चष्म्याला दोरी, मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ. दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि आता घरोघरी जाऊन अशी औषधं द्यायच्या. दिवसातला शेवटचा पेशंट मी, कसबा बावड्यातल्या या अपार्टमेंटात, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीसमोर ऊस, उसापलीकडं कारखान्याचं धुराडं. हंगाम सुरू होता, घरभर मळीचा वास. सिस्टर आत आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं: "खिडकी लावा, कारखाना आत याय लागलाय."

दुसरं काम हात धुणं. स्वयंपाकघरातल्या नळाखाली कोपरापर्यंत, आणि मोजत. मोजायच्या कानडीत. "ओंदु, एरडु, मूरु…" त्यांचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला लागून, आई कानडी बोलणारी. मराठीत मोजलं की हात लवकर आटपतो, असं त्यांचं म्हणणं होतं. नळीचं तोंड स्पिरिटच्या कापसानं घासतानाही तेच, पुन्हा ओंदु, एरडु. मध्ये मी काही बोलले तर पहिल्यापासून. मी मुद्दाम बोलायचे.

"काकू, घर म्हणजे दवाखाना न्हाई. म्हणून घाण चालंल असं न्हाई. तोंड मिटा."

औषधाला त्या पावणं म्हणायच्या. बाटलीखालच्या नळीवर एक छोटं चाक असतं, ते अंगठ्यानं फिरवलं की थेंब जलद किंवा सावकाश पडतात. ते लावून त्या घड्याळात बघत थेंब मोजायच्या. "पावणं हळूहळू आत घ्यायचं. एकदम घुसलं की शीर चिडती." मग खुर्ची ओढून बसायच्या, बाटली संपेपर्यंत. अर्धा तास. चहा नको, पाणी स्वतःच्या बाटलीतलं, गाळून उकळलेलं. पेशंटच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. अर्ध्या तासानं नळी धुवायची सुई मारायच्या, टोपण लावायच्या, साहेबांना परत खिळ्यावर चढवायच्या आणि "येतो" म्हणून जायच्या. दार ओढल्याचा आवाज, लिफ्टचा आवाज, खाली स्कूटीचा आवाज. मग काही नाही. भिंतीवर ह्यांचं तोंड, तेही बंद.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी पुढं काय केलं ते कळणार नाही.

मी एकतीस वर्षं बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. गाड्यांच्या घोषणाही माझ्याच. माझा आवाज गावात सगळ्यांना माहीत होता. भाजी घेताना तोंड उघडलं की भाजीवाली विचारायची, बाई, निपाणी गेली का. तिशीतली मी फार ताठ होते. अंबाड्यावर रोज गजरा, समोर माईक, आणि उत्तर तीन शब्दांत. चौथा शब्द मागणारा माणूस मला चोरच वाटायचा. "फलाट चार. पुढचा." लोक म्हातारे होते, रडवेले होते, कुणाचं कुणी दवाखान्यात होतं, ते सांगू बघायचे. मी पेन्सिल टेबलावर आपटायचे. पुढचा.

तीच बाई चाळीसेक वर्षांनी अर्ध्या तासाची वाट बघत सकाळपासून गादीवर बसायची. कुणीतरी तिला चार वाक्यं विचारावीत म्हणून आजचा ताप, कालची झोप, परवाची शौचाची हकीकत घोळवून ठेवायची. त्या ताठ बाईला हे दाखवता आलं असतं, तर मी खिडकीसमोर रांगेत उभी राहून दाखवलं असतं.

नवव्या बाटलीला मी पहिल्यांदा चाकाला हात लावला.

बाटली लावून सिस्टर परत हात धुवायला आत गेल्या होत्या. उजवा हात मोकळा होता. चाक केसभर फिरवलं. थेंब थोडा विचार करून पडायला लागला. त्या दिवशी बाटलीला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पन्नास. तिसऱ्या दिवशी तास. सिस्टर घड्याळ बघायच्या, बाटली बघायच्या.

"आज पावणं रमलंय जनू."

"थंडी आहे ना," मी म्हणायचे.

त्या तासात मी काय मिळवलं? त्यांच्या स्कूटीचा ब्रेक लागत नाही हे मिळवलं. त्यांचा एक पेशंट सलाईन चालू असताना कुस्ती बघायला निघून गेला, बाटली हातात धरून, आणि मैदानातल्या लोकांनी त्याला पुढं जागा दिली, हे मिळवलं. स्वतःच्या घराबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणायच्या, "हाय एक खोली."

एकदा मी केस धुतले. पोरगा व्हिडिओवर येणार होता, म्हणून. दंडाला प्लास्टिक गुंडाळलं होतं, तरी पाणी आत गेलंच. सिस्टरनी पट्टी बघितली आणि त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंगमध्ये गेला.

"ही नळी कुठवर गेलीया म्हाईत हाय न्हवं? हितनं जंतू आत गेला तर टाच ऱ्हाऊ द्या, तुमीच ऱ्हाणार न्हाई. केस कुणासाठी धुतलासा?"

मी खरं सांगितलं. पोरगा आलाच नाही, पुढच्या आठवड्यात बोलतो म्हणाला, हेही सांगितलं.

त्यांनी जुनी पट्टी सोडवली. नवी पट्टी लावली, ओंदु, एरडु करत. बाटली लावली. मग माझ्या पाठीमागं बसून, ओले केस पुसून, त्यांनी माझी वेणी घातली. घट्ट, शाळेत घालतात तशी. डोळे ताणले गेले.

मी मान ताठ धरून बसले. त्या दिवशीही चाक मात्र फिरवलं होतं. माझा निर्लज्जपणा पंचाहत्तरी गाठत आला तरी तरुण आहे.

सत्ताविसाव्या बाटलीचा दिवस. त्या गेल्यावर मी काठी घेऊन गॅलरीत गेले. तेवढी परवानगी होती. खाली उसाच्या बांधाला स्कूटी लावलेली. सिस्टरनी सीटवर डबा ठेवला, झाकण काढलं आणि मान वर करून पश्चिमेला बघितलं. धुराड्यामागं नुसता तांबूस उजेड उरला होता. सूर्य नव्हता. त्यांनी झाकण परत लावलं, डबा पिशवीत घातला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सिस्टर, काल डबा उघडून तसाच का ठेवला? आंबला होता का?"

त्या थेंब मोजत होत्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत, काकू. पाणी बी न्हाई."

मगदूम. जैन. मला कळायला हवं होतं. माझ्या वर्गात, माझ्या नोकरीत अशा बायका होत्या, पाचला डबा उघडणाऱ्या. मी त्यांना हसायचे.

"म्हणजे काल उपाशी?"

"काल न्हवं नुसतं. पंधरा-अठरा दिस झालं. हितनं निघायला उशीर हुतोय."

मी चाकाकडं बघितलं नाही. ह्यांच्या फोटोकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते.

"अंगवळणी हाय वो," त्या म्हणाल्या. "ल्हानपणापासनं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हुतो तवा शनवारी गावाकडं जायचो. हॉस्टेलात रातचं चोरून खायचो, खोटं कशाला बोलू. पण आई शनवारी माझ्यासंगं जेवायची. मी आल्याबिगर ताट घ्यायची न्हाई. मावळायच्या आत पोचलो तर दोघी जेवणार, न्हाई तर दोघी उपाशी. एकदा हितं स्टँडवर आलो, तर गडहिंग्लजच्या दोन गाड्या लागलेल्या. एक सरळ जाणारी, एक गावं घेत वळसा मारणारी. पाटी दोन्हीला सारखीच. खिडकीत एक बाई बसलीती. मी इचारलं, बाई, कुठली गाडी दिवस मावळायच्या आत पोचंल?"

मी विचारलं, "मग?" आवाज इतका बारीक काढला की माझा मलाच ओळखू आला नाही.

"बाई म्हणाल्या, सूर्याला विचार, त्याचं वेळापत्रक माझ्याकडं नाही. मागं रांगेत सगळी हसली. मला लाज वाटली. म्होरं जी गाडी दिसली तीत चढलो. वळशाची निघाली. घरात पाय ठेवला तवा अंधार. आईनं दोन ताटं वाढून झाकून ठेवलीती. तशीच झोपली."

हे सगळं त्यांनी नळीतला बुडबुडा टिचकीनं वर घालवत सांगितलं.

मला ती मुलगी आठवत नाही. विनोद आठवतो. तो मी त्या दिवशी घरी येऊन ह्यांना सांगितला होता, ते हसले होते, आणि पुढं कितीतरी बारशांत, हळदीकुंकवात मी तो सांगितला. माझा गाजलेला विनोद होता तो. त्याच्या दुसऱ्या टोकाला झाकलेली दोन ताटं होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी आलंच असतं, तर मी पेन्सिल आपटली असती.

"आणि आता?" मी विचारलं. "आता कशाला पाळता?"

"आई गेली आणि पाळाय लागलो. ती हुती तवा मोडलं, आता मोडवत न्हाई. आणि आता सोपं हाय की. थांबायला कोण न्हाई, कवाबी जेवा."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चाकाचंही नाही, खिडकीचंही नाही. सांगितलं आणि त्या उद्यापासून दुसरी सिस्टर पाठवू लागल्या तर, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. लाज होती; पण लाजेपेक्षा ती भीती मोठी होती.

दुसऱ्या दिवशी मी उजवा हात पांघरुणात घालून बसले. सिस्टर साडेचारलाच आल्या. साहेब खाली, बाटली वर, हात, कानडी. चाक सोडलं, थेंब भराभर पडायला लागले. मग त्यांनी अंगठा परत चाकावर ठेवला आणि ते केसभर मागं घेतलं. थेंब विचार करून पडायला लागला.

"हे काय?" मी म्हटलं.

"तुमची चाल. एवढ्यावरच सोडत हुतासा न्हवं?" त्यांनी पिशवीतून डबा काढला. "पस्तीस वरसं चाक फिरवलंय, काकू. मी कुठं सोडलंतं ते माझ्या बोटाला कळतंय."

"मग इतके दिवस बोलला का नाही?"

"काय बोलू? मला बी घरी जाऊन भितीशीच बोलायचं असतंय. तुमची भित बरी. साहेब तरी हाईत."

डब्यात ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. खुर्चीत मांडी घालून त्या सावकाश जेवल्या. त्यांना एकटीला जेवू देणं बरं दिसेना, म्हणून मीही ताट घेतलं. पुढचे बारा-तेरा दिवस आम्ही दोघी संध्याकाळी पाच वाजता जेवलो, ऊन खिडकीत असताना, माझ्या दंडात थेंब पडत असताना. फार बोलणं होत नसे. भाकरी मोडल्याचा आवाज यायचा. त्या गेल्यावर मी गॅलरीत जाऊन सूर्य कधी बुडतो ते बघायचे आणि वेळ लिहून ठेवायचे. एकतीस वर्षांची सवय. रोज अर्धं-पाऊण मिनिट पुढं सरकत होता. नेमाचा माणूस.

बाटल्या मोजायचं मी सोडून दिलं होतं. फ्रीजचं दार उघडलं की औषधांची रांग दह्याच्या पातेल्याकडं मागं सरलेली दिसायची, तेवढं पुरे होतं.

बेचाळिसाव्या दिवशी सिस्टर डबा न घेता आल्या. "आज काम लवकर हुतंय. घरी जाऊन गरम करून खातो." डॉक्टरांनी आदल्या दिवशी टाच बघून समाधान मानलं होतं. बाटली अर्ध्या तासात संपली. चाकाला कुणीच हात लावला नाही. मग त्यांनी पट्टी सोडवली, मला श्वास धरायला सांगितला आणि नळी ओढून बाहेर काढली. लांबच लांब निघाली. दुखलं नाही. त्यांनी ती मोजपट्टीवर धरून पूर्ण आल्याची खात्री केली आणि दंडावर कापसाची घडी दाबून धरली. पाच मिनिटं दाबायचं आणि अर्धा तास पडून राहायचं.

त्यांचं बोट माझ्या दंडावर होतं. मी छताकडं बघत म्हटलं, "सिस्टर, ती खिडकीतली बाई मी."

बोट हललं नाही.

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिशी फोनवर पत्ता सांगितलासा, तवापासनं. त्यो आवाज कोण ईसरंल?"

"आणि तरी आलात."

"औषध चुकवून चालत न्हवतं न्हवं."

"मी चुकले," मी म्हटलं. हे दोन शब्द मी खिडकीत कधी उच्चारले नव्हते.

त्यांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाल्या, "व्हय. पण आई त्या दिशी जेवली न्हाई ती न्हाईच." आणि घडी उचलून रक्त थांबलंय का ते बघितलं. "अजून दोन मिन्टं."

यापेक्षा जास्त मी मागितलं नाही. अर्धा तास झाल्यावर साहेबांना खिळ्यावर चढवलं, फोटो सरळ केला, "येतो" म्हणाल्या.

त्यानंतर त्यांची भेट नाही. मी दोनदा फोन केला. "ताप हाय काय? पाय सुजलाय? न्हाई न्हवं? मग ठेवा, पेशंटकडं हाय." दोन्ही वेळा हेच. माझीच तीन शब्दांची पद्धत, आता माझ्या कानात.

पण त्या बेचाळिसाव्या दिवशी, त्या खाली उतरल्यावर, मी काठी टेकत गॅलरीत गेले होते. खाली सिस्टरनी स्कूटीला किल्ली लावली होती, आणि तशाच थांबून त्या पश्चिमेला बघत होत्या. मग त्यांनी मान वळवून वर बघितलं, थेट माझ्याकडं. तोंडानं काही नाही. नुसता हात सूर्याकडं केला आणि पंजा फिरवला: काय?

त्यांचं घर वीस मिनिटांवर. मी घड्याळ बघितलं, पाच त्रेचाळीस. कठडा धरला, आणि कितीतरी वर्षांनी तो आवाज बाहेर काढला, माईक नसताना. उसात काम करणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या.

"पोचाल. पंचवीस मिनिटं आहेत. सरळ रस्त्यानं जावा, वळसा घेऊ नका."

त्यांनी मान हलवली. स्कूटी उसाच्या कोपऱ्यावर वळली. मागं बघितलं नाही.

टाच ठणकत होती, तरी मी आत गेले नाही. वेळ सांगितली होती, ती पाळली जाते का ते बघायला हवं होतं. ऊन उसाच्या शेंड्यांवरून सरकलं, धुराड्यावर चढलं, तिथूनही गेलं. सूर्य सत्तावीस मिनिटांनी बुडाला. दोन मिनिटं जास्तच मिळाली त्यांना.